तिथीची पाऊणपट

मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी, सोमवार. पाणी तीनला.

आधी आली ती शेजारची सोनाबाई, पाहुणे मागाहून. आमच्या घरात काय शिजतं ते तिला आमच्याआधी कळतं, मग गाडीचं कसं कळणार नाही? मी भात उतरवत होते तर ही पदर खोचून दारात. "केसर, मुरुडाकडनं पांढरी गाडी आली गो. नाक्यावर इचारत होते, उघाडीवाल्यांचं घर कुठं हाय. आता काय केलंस?" मी काही केल्याशिवाय या वाडीत गाडी येतच नाही, असं तिचं म्हणणं.

म्हटलं, "मी न्हाय, पोरांनी केलंय." तर ओट्यावर बसलीच. बघितल्याशिवाय हलणार नव्हती.

गाडीतून दोघं उतरले. एक केतनसाहेब, मुंबईच्या मोठ्या गेम कंपनीचे. बूट इतके पांढरे की अंगणात सकाळीच शेण सारवलं याचं मला वाईट वाटलं. दुसरी प्राप्ती, गळ्यात कॅमेरा घातलेली. ती कंपन्यांचे इतिहास लिहिते. असा धंदा असतो हे मला आजच कळलं. सोनाबाईनं तिला विचारलं, "आनि घरचे काय म्हनतात?"

पाहुणे कशाला आले ते लिहायचं तर आधी कंपनी सांगायला हवी. कंपनी म्हणजे माझी नात कल्पिता, मुरुडच्या रुबिनाचा फैझान आणि माझी पडवी. दोघांनी एक गेम केलाय, नाव 'उघाडी'. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं फळ्यांचं दार. भरतीला फळी उचलायची, मिठागरात खारं पाणी घ्यायचं आणि ओहोटी लागायच्या आत पाडायची. मोबाईलवर ज्याची त्याची एक उघाडी असते आणि पाणी येतं ते आपल्या खाडीच्या खऱ्या भरतीला. मधे कितीही बोटं आपटा, थेंब येत नाही. पाणी आलं की माझ्या आवाजात हाक येते, "चल गो बाय, पाणी आलं." जर्मनीतली एक बाई माझ्या हाकेनं उठते म्हणे. तिला सासू नसावी.

पेपरात छापून आलं होतं की खऱ्या भरतीवर चालणारा गेम याआधी कुणी केला नव्हता. मी ते कात्रण देव्हाऱ्यात ठेवलंय. कल्पिता म्हणते काढ, मी म्हणते धूळ बसेस्तोवर राहू दे.

तर केतनसाहेबांना ही कंपनी आपल्यात घ्यायचीय. पण एक बटण घालायचंय. ज्याला भरतीपर्यंत थांबायचं नाही त्यानं पैसे द्यायचे, बटण दाबायचं, पाणी हजर. "आजी, आजकालच्या मुलांना थांबता येत नाही."

म्हटलं, "मुलांना येतं साहेब. तुम्ही मात्र आल्यापासून तीनदा घड्याळ बघितलंत."

कल्पितानं माझ्याकडे बघून डोळे वटारले. पोरीचंही खरं आहे. नाताळानंतर फैझानचं दोह्याचं तिकीट आहे, मामानं तिकडे नोकरी बघितलीय. हे जमलं तर तो राहील. नाही जमलं तर तो दोह्याला, कल्पिता पुण्याला कुणाच्या तरी हाताखाली, आणि पडवीत पुन्हा माझी सुकी मासळी.

ही वही खरं तर पाण्याची. कल्पिता म्हणते वर तारीख घाल. तारखेला पाणी येत नाही, तिथीला येतं. माझा बाप उरणच्या मिठागरावर उघाडी सांभाळायचा. त्यानं मला फळीवर बसवून पाऊणाचा पाढा, पाऊणकी, पाठ करून घेतली. शाळा तिसरीत सुटली पण पाऊणकी सुटली नाही. तिथीची पाऊणपट केली की पाण्याची वेळ मिळते. आज चौथ, चाराची पाऊणपट तीन. झालं. पोरांनी हेच गेममध्ये घातलंय.

शुद्ध षष्ठी, बुधवार, चंपाषष्ठी. पाणी साडेचारला.

वांग्याचं भरीत, भाकरी. प्राप्ती जेवायला होती. ती मुरुडला लॉजवर उतरलीय, केतनसाहेब मुंबईला जाऊन येऊन असतात. तिनं भरीत तीनदा घेतलं, म्हणून मला आवडली.

जेवून कॅमेरा मांडला आणि म्हणाली, "आजी, कंपनीची सुरुवात कुठून झाली?" म्हटलं, कुवेतपासून. तिला वाटलं मी चेष्टा करते.

चेष्टा कसली. फैझानचा आजा नजमुद्दीनभाई कुवेतला होता. आमच्या ह्यांचं, दयारामचं, मुरुडच्या एसटी स्टँडजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान. एका रजेत नजमुद्दीनभाईंनी एक पेटी आणली, टीव्हीला जोडायची. दोन दांडे आणि एक चेंडू, बाकी काही नाही. साल आठवत नाही, पण त्या वर्षी आमची कपिला व्यायली आणि वासरू पांढरं झालं, तर तेव्हाचं. दोघांनी ती पेटी दुकानात मांडली. मुरुडातलं पहिलं गेमचं दुकान ते. पोरं एसटी चुकवायची. हेडमास्तर छडी घेऊन आले पोरं हुडकायला. ह्यांनी त्यांना स्टूल दिलं, म्हणाले, "मास्तर, एक डाव." मास्तर अंधार पडल्यावर घरी गेले आणि छडी दुकानात विसरले. ती अजून माझ्याकडे आहे. कोंबड्यांना हाकलायला बरी पडते.

लोक म्हणायचे, कोकणातला एक हिंदू, एक मुसलमान, भागीत धंदा तो काय, तर पोरं बिघडवायचा. ह्यांनी दुकानावर पाटी लावली, 'येथे पोरे बिघडवून मिळतील'. गर्दी वाढली.

मग साथीच्या साली जंजिऱ्याच्या होड्या बंद, फेरी बंद, सगळं बंद. कल्पिता मुंबईहून येऊन इथे अडकली. फैझान तिकडे मुरुडला अडकला, पण सायकलवरून यायचा, पडवीच्या त्या टोकाला बसायचा. ही या टोकाला. दोघं लॅपटॉपवर काहीतरी करायची, राक्षस मारायची. मी भाजी निवडताना म्हटलं, राक्षस काय मारता, कुणी बघितलाय? उघाडी सांभाळून दाखवा.

प्राप्ती म्हणाली, "म्हणजे कल्पना तुमची?"

"छे गो, मी नुसती बडबडले." मग काय काय बडबडले तेही सांगितलं. फळी कशी उचलायची, मीठ कधी धरतं, बांधाला खेकडे कसं भोक पाडतात, चोर पाणी कुठून शिरतं. पहिली फळी पोरांनी मोबाईलमध्ये काढली ती फुलासारखी हलकी होती, मी म्हटलं खोटी आहे, जड करा. चौदा वेळा करायला लावली. हाक माझीच घेतली कारण तेव्हा बाहेरचं कुणी मिळत नव्हतं.

प्राप्ती लिहायची थांबून माझ्याकडे बघत राहिली. भरीत अजून हवं असेल म्हणून वाढायला उठले, तर नको म्हणाली.

शुद्ध अष्टमी, शुक्रवार. पाणी सहाला, पण भांगाचं, कमी चढणारं, दम नाही.

आज वाईट झालं.

केतनसाहेबांच्या माणसानं आमचा गेम तपासला आणि सरकारी भरतीच्या तक्त्याशी लावून बघितला. आमचं पाणी रोज खऱ्या पाण्याच्या आधी येतं. प्रतिपदेला थोडं, पुढे वाढत वाढत पुनवेला पाऊण तासाच्या आसपास. केतनसाहेब कागद पुढे सरकवून म्हणाले, "खऱ्या भरतीवर चालणारा जगातला पहिला गेम, आणि भरतीच चुकीची. इतिहासात हे कसं छापायचं? आमचं घड्याळ लावू आणि बटणही घालू. लोकांनी चुकीच्या पाण्यासाठी का थांबावं?"

ते गेल्यावर कल्पिता हळूच म्हणाली, "आजी, तुझं पाणी लवकर येतं."

असं कुणी मला जन्मात बोललं नव्हतं. नवऱ्यानं नाही, सासूनं नाही.

फैझान म्हणाला, "दादी, फिकर नको. आम्हीच तपासून बघायला पाहिजे होतं." ते जास्त लागलं.

शुद्ध नवमी, शनिवार. पावणेसातला.

कुणाशी बोलले नाही. सोनाबाई दोनदा येऊन गेली. तिच्याशीही नाही, यावरून काय ते समजावं.

शुद्ध एकादशी, सोमवार. सव्वाआठला.

उपास. रुबिना आली, खजूर घेऊन. फैझानची आई. एकादशी ती कधी विसरत नाही आणि तिच्या रोज्यांना मी शहाळी धाडायची विसरत नाही. बसली. मग म्हणाली, "मावशी, खरं सांगू? मी सांगायला आले होते की पोराला जाऊ द्या. त्याचे अब्बा म्हणतात पडवीत बसून कुणाचं भलं झालंय."

"मग सांग की."

"तुमचं तोंड बघून सांगवत नाही. आजारी आहात का?"

तिला म्हटलं, माझ्या बापाचा हिशेब खोटा निघाला. ती म्हणाली, "खोटा असता तर मिठागर कसं चाललं एवढी वर्षं? पाणी थांबतं होय कुणाच्या हिशेबासाठी?" आणि उगीच एक खजूर माझ्या तोंडात कोंबला, लहान पोराला देतात तसा.

ती गेल्यावर बी चघळत बसले आणि बाप दिसला. बांधावर उकिडवा, पाठ खाडीकडे. तो म्हणायचा, "केशी, पाणी सव्वाआठला," आणि सव्वाआठला आम्ही फळीवर पोचलेलो असायचो. फळी उचलायची, खुंटी मारायची, मग बाप विडी काढायचा. एक संपली की दुसरी. दोन विड्या होईपर्यंत पाणी आपलं चढतच असायचं. मग पुरतं भरलं की फळी पाडून घरी. मी समजायचे बाप विड्यांसाठी थांबतो. आई पण तसंच समजायची, त्यावरून भांडणं व्हायची.

बाप विड्यांसाठी थांबत नव्हता. पाऊणपट ही पाण्याची वेळ नव्हेच. ती माणसानं फळीवर असायची वेळ. पाणी चढल्यावर आलेल्या माणसाला फळी उचलत नाही. हे बापानं मला कधी सांगितलं नाही, कारण मी रोज त्याच्या शेजारी बसलेलीच असायचे. आणि मी पोरांना हिशेब दिला, विड्या दिल्या नाहीत.

कल्पिताला हाक मारली. म्हटलं, त्या पांढऱ्या बुटाला फोन लाव. पुनवेला उघाडीवर ये म्हणावं. कितीला यायचं ते त्याच्या सरकारी तक्त्यातच बघ म्हणावं.

"कशाला पण?"

"इतिहास छापायला."

उपासाला दोन वाट्या साबुदाणा खाल्ला. तीन दिवसांचं जेवण राहिलं होतं.

पौर्णिमा, गुरुवार, दत्तजयंती. पाणी सव्वाअकराला. म्हणजे मी सव्वाअकराला.

आमच्या उघाडीला दोन खण आहेत, प्रत्येकाची फळी वेगळी. हे गेल्यापासून मिठागर असं राहिलेलंच नाही, घरापुरतं दोन वाफे मीठ काढते. तरी फळ्या मी दरसाल तेल पाजून ठेवते.

सव्वाअकराला बांधावर पोचले. पाणी फळीच्या पायाला नुकतं चाटत होतं. डाव्या खणाची दोरी ओढली, एका हातानं. फळी आली वर, जशी सुनेच्या हातातून ताटली घ्यावी. खुंटी मारली आणि बसले. विडी ओढत नाही म्हणून बोरं घेतली होती. कल्पिता, फैझान, प्राप्ती सगळे होते. सोनाबाई दत्ताच्या देवळातून प्रसाद घेऊन थेट इथे, कारण देवळात काय, दरवर्षी तेच होतं.

प्राप्तीनं विचारलं, "आजी, आता काय करायचं?"

"बसायचं."

"किती वेळ?"

"बोरं संपेस्तोवर."

बसल्या बसल्या मी तिला सोनाबाईच्या लग्नात वरात होडीतून येताना नवरदेवाचं बाशिंग कसं खाडीत पडलं ते सांगितलं. सोनाबाई म्हणाली, बाशिंग न्हाय, पागोटं. त्यावर थोडं वाजलं. पाणी चढत होतं. कुणाला कळलं नाही अर्धा तास कधी गेला.

बाराला पाच कमी असताना केतनसाहेब आले. त्यांच्या तक्त्याच्या बरोबर वेळेवर, मिनिट इकडे नाही तिकडे नाही. माणूस शिस्तीचा आहे, ते मी नाकारत नाही.

म्हटलं, "या साहेब. उजवा खण तुमचा राखून ठेवलाय. उचला."

हसले. दोरी धरली, ओढली. फळी जागची हलली नाही. बाहेर पाणी छातीएवढं उभं, सगळा भार फळीवर, फळी खाचेत रुतून बसलेली. त्यांनी बूट काढले, पाय रोवले. फैझान मदतीला गेला. दोन तरणेताठे बाप्ये आणि एक सागाची फळी. सोनाबाई म्हणाली, "रजई भरलेली खाट वढतात तसं वाटतं गो." केतनसाहेबांच्या तळव्याची साल निघाली तरी सोडेनात. जिद्दी आहे.

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. म्हटलं, "साहेब, आता बटण दाबा."

प्राप्तीचा कॅमेरा चालू होता.

मग कल्पिता बोलली. मी हिला एवढं सलग बोलताना ऐकलं नव्हतं, कायम मोबाईलमध्ये तोंड. "केतनसर, चूक आमचीच होती. हाक बरोबर वेळेला येत होती, पाणी चुकीच्या वेळेला. आता हाक आजीच्या वेळेला येईल आणि पाणी पाण्याच्या वेळेला. मधला वेळ तुम्ही काढायला सांगताय. आम्ही तोच ठेवणार. तोच गेम आहे. बटण येणार नाही."

"मग आमचंही जमणार नाही," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. हाताकडे बघत बोलत होते.

"नाही तर नाही."

फैझान तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला. याला दोह्याचं तिकीट आहे आणि हा असा उभा.

केतनसाहेबांच्या हाताला मी हळद लावून दिली. बूट हातात घेऊन गाडीत बसले. गाडी गेली.

आता घरात सामसूम आहे. माझी गंमत झाली, पण त्या एका वाक्यासाठी मी पोरांची कंपनी घालवली की काय? तसं असेल तर दत्तगुरूंनी माझी जीभ आधीच आवरायला हवी होती. एवढी वर्षं त्यांना नैवेद्य दाखवतेय.

तरी बापाचा हिशेब खोटा नाही. हे इथे ठळक लिहून ठेवते.

वद्य द्वितीया, शनिवार. फळीवर दीडला.

दोन दिवस दोघं पडवीत. जेवायला हाक मारली तर येत नाहीत, ताट तिथेच द्यायचं. मी विचारलं, कंपनी गेली ना, मग हे काय चाललंय? फैझान म्हणाला, "दादी, बंदच करायची असेल तर बरोबर करून बंद करू."

नवं असं आहे. हाक पाऊणपटीला येणार. तेव्हा फळी उचलली तर एका बोटानं उचलते. उशीर केला तर जड, आणखी उशीर केला तर उचलतच नाही, घासून बोट दुखेल पण फळी हलणार नाही. वेळेवर उचलली की पाणी भरेपर्यंत बांधावर बसायचं. मी म्हटलं, विड्या घाला. कल्पिता म्हणाली, "आजी, लहान मुलं खेळतात." मग बोरं घातली. आणि बोरं खाताना माझी बडबड ऐकू येणार, रोज वेगळी. दुपारभर मला बोलायला लावलं. मला वाटलं होतं दोन शब्द हवेत, तर म्हणे थांबू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा कुणी असं म्हणालं.

सोनाबाईच्या बाशिंगाची गोष्ट पण घेतली. तिला कळलं तर ती आली तणतणत, "पागोटं म्हन, न्हायतर माझं नाव काढ." मग तीही बोलली. दोघींचं भांडण तसंच ठेवलंय.

आज रात्रीच सगळ्यांच्या मोबाईलवर जाणार.

वद्य पंचमी, मंगळवार. फळीवर पावणेचारला.

फैझाननं लॅपटॉपवर एक यादी दाखवली. कुणाची उघाडी कधी उघडली, सगळं त्यात येतं. यादीत एक नवा उघाडीवाला, मुंबईचा, नाव केतन.

रविवारी पहाटेच्या आणि दुपारच्या, दोन्ही पाण्यांना उशिरा, फळी हलली नाही. सोमवारी पहाटे उशिरा. सोमवारी दुपारी हाकेसरशी आला, फळी उचलली, पाणी भरेपर्यंत बसला. आज पहाटे हाकेच्या आधीच येऊन बसलेला.

एवढ्या पहाटे. बिचाऱ्याला झोप लागत नसणार, कामाचा ताण. मी फैझानला म्हटलं, निरोप धाड, रात्री हळदीचं दूध घे म्हणावं, जायफळ उगाळून. फैझान आणि कल्पिता एकमेकांकडे बघून हसायला लागले. का ते सांगेनात. मोठ्या माणसाच्या तब्येतीला हसू नये, एवढं तरी मी शिकवलंय असं मला वाटत होतं.

हल्ली ही दोघं फार हसतात. पडवीच्या दोन टोकांना बसायची, आता एकाच टोकाला बसतात. वायर पुरत नाही म्हणे.

वद्य सप्तमी, गुरुवार. फळीवर सव्वापाचला.

प्राप्तीचा फोन आला. आधी माझं पूर्ण नाव विचारलं, माहेरचं पण, बापाच्या नावासकट, आणि बाप कुठल्या मिठागरावर होता तेही. पुस्तक पोस्टानं पाठवायचं असेल. म्हटलं, नुसतं केसर आजी, आगरदांडा असं घातलंस तरी पोस्टमन आणून देतो. तर म्हणाली, "नाही आजी, पहिल्या पानावर पूर्णच लागतं." पत्ता पहिल्या पानावर छापतात हे नवीन ऐकलं. असेल, मुंबईची पद्धत.

मग फोन केतनसाहेबांनी घेतला. मी विचारलं, "हात कसा आहे?" म्हणाले, बरा. मग म्हणाले, "आजी, ते पागोटं होतं की बाशिंग?"

म्हटलं, "तुम्ही कुणाच्या बाजूनं?"

"अजून ठरलं नाही. रोज ऐकतोय." मग कल्पिताला द्यायला सांगितलं. ती अंगणात जाऊन बोलली, चपला न घालता. आली तेव्हा डोळे ओले. मला वाटलं काटा लागला. म्हणाली, "आजी, बटण नाही. नवा कागद आणतायत. कंपनी इथेच राहायची, पडवीतच."

मी म्हटलं, पडवी शाकारून द्या म्हणावं मग, कौलं गळतात. ते पण कागदात घाल.

फैझाननं मामाला फोन केला. तिकीट फाडून टाक म्हटलं तर म्हणतो ते मोबाईलमध्येच असतं, फाडता येत नाही. मग काय केलंस? "पुढं ढकललं, दादी." किती पुढं ते विचारलं नाही. रुबिना संध्याकाळी शिरखुर्मा घेऊन आली. ईद नाही, काही नाही. नवऱ्याला काय सांगितलंस विचारलं तर म्हणाली, "सांगितलं की मावशीची पडवी शाकारतायत, माणूस लागेल." सोनाबाईनं दोन वाट्या खाल्ल्या आणि म्हणाली, गोड कमी झालं.

पाहुण्यांनी यायचा वार रविवार धरलाय. केतनसाहेब म्हणाले होते, सकाळी कधीतरी येऊ. मी म्हटलं, कधीतरी न्हाय. रविवारी दशमी. दहाची पाऊणपट साडेसात, साडेसातला बांधावर या.

तर म्हणाले, "म्हणजे पाणी आठनंतर. बोरं मी आणतो."

वद्य दशमी, रविवार. फळीवर साडेसातला. बाकीचं बोरं संपल्यावर लिहीन.